नंबर बंद पडू न देता ग्रुपवर माल विकायचा असेल तर

थंडी पडली की परभणी-जालन्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हुरडा पार्टीच्या जाहिराती सुरू होतात. त्यामागून हळद येते, मे महिन्यात केशर आंबा, आणि वर्षभर खवा, पापड, क्लासचे प्रवेश, बियाणं, प्लॉट हे चालूच असतं. यातल्या बऱ्याच जणांची पद्धत एकच असते. नवीन सिम घ्यायचं, कुठून तरी मिळालेले तीनशे-चारशे नंबर त्यात घालायचे, एक ग्रुप काढून सगळ्यांना न विचारता आत ओढायचं आणि तोच मजकूर गावातल्या प्रत्येक ग्रुपवर टाकायचा. एक-दोन दिवसांत नंबर बंद पडतो. मग 'कंपनीनं विनाकारण बंद केला' अशी तक्रार होते, आणि खरोखर माल घेणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांशी असलेला संपर्कही तुटतो.

माल चांगला असतो, भावही वाजवी असतो. चुकतो तो क्रम. आधी ओळख, मग परवानगी, मग यादी आणि शेवटी जाहिरात, असं जायला हवं; लोक शेवटापासून सुरुवात करतात. खाली उदाहरणासाठी वसमतजवळच्या एका महिला बचत गटाची हळद पावडर धरली आहे. तुमचा आंबा असो की शिवणक्लास, टप्पे तेच.

आधी एवढं समजून घ्या: स्पॅम कसा पकडला जातो

व्हॉट्सॲपवरचा मजकूर दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतो, कंपनी तो वाचत नाही. म्हणून 'ऑफर', 'फ्री' हे शब्द टाळले की सुटलो, हा समज चुकीचा आहे. पाहिलं जातं ते तुमचं वागणं: नंबर किती नवा आहे, ओळख नसलेल्या किती लोकांना किती वेगानं निरोप गेले, त्यातल्या किती जणांनी उत्तर दिलं, किती जणांनी ब्लॉक केलं, किती जणांनी रिपोर्ट केलं. रिपोर्ट झालं की तुम्ही त्या माणसाला पाठवलेले शेवटचे ५ निरोप कंपनीकडे जातात. तेवढे मात्र वाचले जातात.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या उघड्या पोस्टचं वेगळं आहे. तिथं मजकूर, फोटो, लिंक सगळंच यंत्र तपासतं. एकच मजकूर थोड्या वेळात अनेक ठिकाणी दिसला की तो स्पॅम धरला जातो, मग तुमचा हेतू कितीही स्वच्छ असो.

किती तक्रारींवर नंबर जातो याचा आकडा व्हॉट्सॲपनं जाहीर केलेला नाही. 'रोज पन्नास पाठवले तर चालतात' असं छातीठोक सांगणाऱ्यांवर विसंबू नका.

टप्पा १: नंबर आणि ॲप

धंद्याचा नंबर वेगळा ठेवा आणि सिम गटातल्या जबाबदार बाईच्या स्वतःच्या नावावर असू द्या. दुकानदारानं दिलेलं दुसऱ्याच्या नावाचं सिम नको. रिचार्ज संपून नंबर सुटला की काही काळानं तो परक्या माणसाला मिळू शकतो, आणि पाकिटांवर छापलेला नंबर त्याच्याकडे वाजतो.

ॲप व्हॉट्सॲप बिझनेसच घ्या, तेही प्ले स्टोअरवरूनच. ते फुकट आहे. घेतल्याबरोबर सेटिंगमध्ये जाऊन सहा आकडी पिनची दुहेरी पडताळणी चालू करा.

सावधान: जीबी व्हॉट्सॲपसारखी बदललेली ॲप आणि 'एका क्लिकमध्ये हजार मेसेज' पाठवणारी सॉफ्टवेअर वापरली तर नंबर बंद होणं जवळपास ठरलेलं. ही सॉफ्टवेअर विकणारा पैसे घेऊन मोकळा होतो, नंबर तुमचा जातो.

नवीन नंबरावरून पहिले काही आठवडे जाहिरात करूच नका. ओळखीच्या गिऱ्हाइकांशी साधं बोलणं होऊ द्या: ऑर्डर कुठवर आली, पाकीट मिळालं का, पुढच्या वेळी किती लागेल.

टप्पा २: अनोळखी माणसाला विश्वास वाटेल असं प्रोफाइल

निरोप आला की माणूस आधी नाव आणि फोटो पाहतो. तिथं फक्त 'ओम साई' किंवा फुलाचा फोटो दिसला तर बोट सरळ ब्लॉककडे जातं.

पाकिटावर जे नाव आहे तेच प्रोफाइलला द्या. गाव, तालुका, जिल्हा, फोन घेण्याची वेळ लिहा. कॅटलॉगमध्ये प्रत्येक वस्तूचा स्वतः काढलेला फोटो, वजन आणि भाव टाका. 'भावासाठी फोन करा' असं लिहिलं की निम्मे लोक तिथंच थांबतात. खाण्याची वस्तू असेल तर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक पाकिटावर हवाच, तो प्रोफाइलमध्येही लिहा.

सावधान: मराठवाडा केशर आंबा, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, वसमतची हळद यांना भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची कायदेशीर ओळख) आहे. म्हणून त्या भागातल्या कुणीही मानांकनाचं चिन्ह पाकिटावर छापावं असं होत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी व्हावी लागते. ती झाली नसेल तर 'आमच्या गावची हळद' एवढंच लिहा, ते खरंही आहे आणि पुरेसंही.

टप्पा ३: परवानगी

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, त्यामुळे हा टप्पा घाईनं ओलांडू नका.

ज्यानं स्वतःहून 'मला कळवत जा' म्हटलं, त्यालाच जाहिरात पाठवायची. शाळेच्या पालक ग्रुपमधून उचललेले, लग्नाच्या आमंत्रणासाठी जमवलेले, गावच्या एखाद्या यादीतून काढलेले नंबर हे परवानगीचे नंबर नव्हेत. विकत घेतलेली यादी तर नकोच, कारण त्यातल्या प्रत्येकाला तुम्ही परके असता आणि रिपोर्टचं बटण एका बोटावर असतं.

परवानगी मिळवायच्या चांगल्या जागा आपल्याकडे पुष्कळ आहेत. बचत गटांचं प्रदर्शन, आठवडी बाजार, मोंढ्यातल्या दुकानाचा गल्ला, पाकिटाची मागची बाजू. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तुमच्या नंबरचा क्यूआर कोड तयार मिळतो. तो छापून टेबलावर ठेवा आणि शेजारी लिहा:

'नवीन हळद निघाली की कळवू. हा कोड स्कॅन करा, "हळद" एवढंच लिहून पाठवा आणि आमचा नंबर सेव्ह करा.'

पहिला निरोप गिऱ्हाइकाकडून येतो, हे इथं महत्त्वाचं. त्यानं सुरुवात केली की तुम्ही अनोळखी राहत नाही. ज्यांना स्कॅन जमत नाही त्यांच्यासाठी वही ठेवा: नाव, गाव, नंबर, तारीख आणि 'कळवलेलं चालेल' यापुढे त्यांची सही. ही वही जपून ठेवा, पुढं नंबर बंद झालाच तर तिचाच आधार आहे.

जुन्या गिऱ्हाइकांना एकेकाला असा निरोप पाठवता येईल:

'नमस्कार काकू, मागच्या वर्षी तुम्ही आमच्याकडून दोन किलो हळद घेतली होती. यंदाची दळून तयार झाली की या नंबरवरून कळवलं तर चालेल का? नको असेल तर तसं सांगा, पुन्हा निरोप येणार नाही.'

उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ 'नाही' असा घ्या. दुसऱ्यांदा विचारू नका.

तपासा: यादीतल्या कुठल्याही नंबरवर बोट ठेवून 'यांनी कधी आणि कुठं हो म्हटलं' हे सांगता येतं का? येत नसेल तर तो नंबर काढा.

टप्पा ४: ग्रुप की ब्रॉडकास्ट

ग्रुप काढू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर बाकीच्या सगळ्यांना दिसतो. तुमच्या हळदीसाठी आलेल्या बाईला रात्री परक्या माणसाचा 'हाय' आला, तर तिनं तुमच्यावर विश्वास ठेवल्याची ती शिक्षा होते. आणखी एक अडचण असते. ग्रुपवर एकानं 'महाग आहे' लिहिलं की विकणं बाजूला राहून वादच चालतो.

ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका यादीत २५६ नंबर बसतात, प्रत्येकाला निरोप एकट्याला आल्यासारखा जातो आणि उत्तर फक्त तुम्हाला येतं. ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही. पुष्कळ जण याला त्रास समजतात. मला हा या सोयीतला सर्वांत चांगला भाग वाटतो, कारण ज्याला नकोय त्याच्यापर्यंत तुम्ही आपोआप जात नाही.

याद्या वेगळ्या करा: वसमत-हिंगोली, नांदेड, परभणी, आणि पुण्यात राहणारी आपली माणसं. गावातल्याला घरपोच मिळतं, पुण्यातल्याला पार्सलचा खर्च सांगावा लागतो, म्हणजे मजकूर वेगळा होणारच.

तपासा: ब्रॉडकास्ट पाठवल्यावर निरोप दाबून धरा आणि माहिती उघडा. कुणाला पोचला, कुणी वाचला ते दिसतं. न पोचलेल्यांना तोच निरोप वेगळा पाठवण्याचा मोह टाळा. बहुधा त्यांनी नंबर सेव्ह केलेला नाही किंवा फोन बंद आहे, एवढंच त्यातून कळतं.

टप्पा ५: मजकूर

नेहमी दिसणारा मजकूर असा असतो:

'धमाका ऑफर!!! १००% शुद्ध सेंद्रिय हळद!!! शुगर, कॅन्सरवर रामबाण!!! आजच ऑर्डर करा!!! दहा ग्रुपवर शेअर करा!!!'

यात गिऱ्हाइकाला हवी असलेली एकही गोष्ट नाही. भाव नाही, वजन नाही, गाव नाही. उलट धोके आहेत. मधुमेह किंवा कॅन्सर बरा होतो अशी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यात बसत नाही, मग ती व्हॉट्सॲपवर का असेना. 'सेंद्रिय' लिहायचं तर प्रमाणपत्र हवं. आणि 'शेअर करा, लाईक करा, मित्रांना टॅग करा' अशी गळ घालणाऱ्या पोस्ट फेसबुक डिसेंबर २०१७ पासून मुद्दाम खाली ढकलतं.

तोच निरोप असा लिहून पाहा:

'नमस्कार. यंदाची हळद दळून तयार आहे. अर्धा किलो आणि एक किलोची पाकिटं आहेत, भाव खालच्या फोटोत. वसमत आणि हिंगोलीत घरपोच, बाहेरगावी पार्सलचा खर्च वेगळा. हवी असल्यास किती किलो आणि गावाचं नाव लिहून पाठवा. पुढे निरोप नको असतील तर "बंद" एवढं लिहा.'

एका निरोपात एकच वस्तू असू द्या. फोटो उजेडात काढलेला, एकच. आखडलेल्या लिंक टाकू नका. लिंक कुठं उघडेल ते दिसत नाही म्हणून लोक घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं रास्त आहे. शेवटची 'बंद' ची ओळ कधीच गाळू नका. ज्याला सहज बाहेर पडता येतं तो रिपोर्ट करायला जात नाही.

सावधान: इथून तिथून फॉरवर्ड केलेला निरोप पाठवू नका. त्यावर 'फॉरवर्डेड'ची खूण येते आणि तो एका वेळी फार तर ५ ठिकाणी जातो. खूप वेळा फिरलेला तर एका वेळी एकाच ठिकाणी. स्वतः लिहा.

टप्पा ६: पाठवणं आणि उत्तरं देणं

सगळ्या याद्यांना एकदम पाठवू नका. आधी दहा-बारा जवळच्या गिऱ्हाइकांना पाठवा आणि अर्धा दिवस थांबा. 'भाव कुठंय?', 'नांदेडला मिळेल का?' असे प्रश्न आले तर मजकुरात तेवढं कमी पडलं आहे. दुरुस्त करा, मग पुढच्या यादीला.

वेळ दुपारी जेवणानंतरची किंवा संध्याकाळची चांगली. हंगामात आठवड्याला एक, एरवी महिन्याला एक, यापेक्षा जास्त निरोप नकोत. मधल्या काळात स्टेटस ठेवा: हळद शिजवताना, वाळवताना, दळताना. स्टेटस २४ तासांनी जातं, कुणाच्या अंगावर येत नाही, ज्याला पाहायचं तो पाहतो.

ज्या दिवशी निरोप पाठवाल त्या दिवशी उत्तर द्यायला माणूस मोकळा हवा. शेतात कापूस वेचायला जायचं असेल तर त्या दिवशी पाठवू नका. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं क्विक रिप्लायमध्ये भरून ठेवली की काम हलकं होतं. 'बंद' असं आलं की लगेच नाव काढा आणि 'काढलं, धन्यवाद' एवढंच लिहा. का नको, असं विचारू नका.

टप्पा ७: दुसऱ्याच्या ग्रुपवर टाकायचं असेल तर

1. ग्रुपचं वर्णन वाचा. जाहिरात चालत नाही असं लिहिलं असेल तर विषय संपला.
2. ॲडमिनला खासगीत विचारा: 'दादा, आमच्या गटाची हळद आहे. आपल्या ग्रुपवर एकदा माहिती टाकली तर चालेल का? कुठल्या दिवशी टाकू?'
3. टाकण्याआधी वरचे शेवटचे निरोप पाहा. दुःखद निधनाच्या बातमीखाली, दहाव्याच्या निरोपाखाली, रक्त हवंय अशा विनंतीखाली जाहिरात पडलेली रोज दिसते. त्या घरातली माणसं ते विसरत नाहीत.
4. एकदाच टाका. डिलीट करून पुन्हा वर आणणं सगळ्यांना कळतं.
5. चौकशी आली की पुढचं बोलणं खासगीत न्या.

शाळेच्या पालक ग्रुपवर आणि डॉक्टर-रुग्णांच्या ग्रुपवर विचारूही नका.

टप्पा ८: फेसबुक आणि इन्स्टाग्राम

वैयक्तिक खात्यावरून धंदा करू नका, पेज काढा. ग्रुपमध्ये टाकताना प्रत्येक ठिकाणचा मजकूर त्या ग्रुपसाठी लिहा आणि दोन पोस्टमध्ये वेळ जाऊ द्या. इन्स्टाग्रामवर तीन ते पाच नेमके हॅशटॅग पुरे. दुसऱ्याच्या रीलखाली 'आमच्याकडेही मिळेल' अशी टिप्पणी करू नका, आणि ओळख नसलेल्यांना फोटोत टॅग करू नका. फॉलोअर विकत घेतलेत तर ते हळद घेणार नाहीत, खात्यावर डाग मात्र राहतो. एखाद्या रील करणाऱ्या मुलाला पैसे किंवा माल देऊन व्हिडिओ करून घेतला, तर ती जाहिरात असल्याचं व्हिडिओत ठळक लिहायला सांगा.

तुम्ही ग्रुप ॲडमिन असाल तर

विकणाऱ्यानं नीट वागायचं, तसं ॲडमिननं दार सांभाळायचं. व्हॉट्सॲप ग्रुपच्या सेटिंगमध्ये नवीन सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागेल असं करा. ग्रुपची लिंक कुठं उघड्यावर गेली असेल तर ती रिसेट करा, जुनी लिंक निकामी होते. वर्णनात एक ओळ लिहा: 'स्थानिक मालाची जाहिरात फक्त रविवारी, एकदाच.' सरसकट बंदी घातली की गावातली पापड करणारी बाई गप्प बसते आणि प्लॉटवाला तरीही टाकतोच. म्हणून दिवस ठरवून द्यावा, या मताचा मी आहे.

सावधान: 'पीएम किसान', 'आरटीओ चलान', 'लग्नपत्रिका' अशा नावांच्या आणि शेवटी एपीके (म्हणजे मोबाईलवर ॲप बसवणारी फाइल) असलेल्या फाइल ग्रुपवर आल्या की त्या क्षणी सर्वांसाठी डिलीट करा. त्या उघडून इन्स्टॉल केल्या की मोबाईलमधले ओटीपी चोराकडे जाऊ शकतात. फाइल ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून सोडू नका, त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असू शकतो. त्याला फोन करून सांगा. कुणी इन्स्टॉल केलीच असेल तर नेट बंद करायला, बँकेला कळवायला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायला सांगा, याच क्रमानं.

फेसबुक ग्रुपसाठी आत येणाऱ्याला तीन प्रश्न विचारता येतात. त्यातला एक आपल्या भागातल्या माणसालाच सहज येईल असा ठेवा: तुमच्या तालुक्याचा आठवडी बाजार कुठल्या वारी असतो? नवीन सदस्यांच्या पोस्ट आधी मंजुरीला थांबवा.

पेजवर शब्द अडवण्याची सोय आहे, पण ती जपून वापरा. 'कर्ज' हा एकच शब्द अडवलात तर पीककर्जाबद्दल विचारणारा शेतकरीही अडकतो. 'झटपट लोन', 'घरबसल्या कमवा', 'गॅरंटीड परतावा' असे जोडशब्द अडवा. एकाच शब्दाची मराठीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेली रूपं घाला: गॅरंटी, गॅरंटि, ग्यारंटी.

तपासा: अडकलेल्या टिप्पण्या दोन-तीन दिवसांतून एकदा स्वतः वाचा. खऱ्या माणसाची टिप्पणी सापडली तर मोकळी करा आणि तिला अडवणारा शब्द यादीतून बदला.

नंबर बंद झालाच तर

ॲप उघडल्यावर दिसणाऱ्या सूचनेतच पुनर्विचाराची विनंती करण्याचा पर्याय असतो. तो एकदाच वापरा आणि जे झालं ते साध्या शब्दांत लिहा: कोणता माल, कुणाला निरोप गेले, परवानगी कशी घेतली. वीस वेळा विनंती पाठवून काही हलत नाही. 'पैसे द्या, नंबर चालू करून देतो' म्हणणाऱ्याला काही देऊ नका. त्याच यादीला नव्या सिमवरून लगेच निरोप पाठवायला लागलात तर तेही बंद होईल.

उत्तर येईपर्यंत सही घेतलेली वही काढा आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना साधा फोन लावा. ऑर्डर अडकली असेल तर ती आधी पोचवा.